एकलव्याचा कान

मुचकुंदी नदी जेथे सागराला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावरील टेकाडावर पूर्णगड हा किल्ला उभा आहे. विस्ताराने तो इतका लहान की सावकाश चालणारा वृद्ध मनुष्यही थोड्याच वेळात त्याच्या तटावरून फेरी घालून परत येतो. परंतु दरवाज्यावरील गणपती आणि त्याच्या दोन्ही अंगांची चंद्रसूर्याची शिल्पे पाहून आत गेले आणि पश्चिमेच्या बुरुजावर क्षणभर स्वस्थ बसले की या जागेचे मोठेपण डोळ्यांपेक्षा कानांना अधिक कळते. एका बाजूने समुद्राची अखंड गाज, दुसऱ्या बाजूने खाडीच्या पाण्याचे मंद, आत ओढले जाणारे चुळबुळणे आणि त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी गावातल्या देवळातील भजनाचा सूर. माझे बालपण या तीन आवाजांत गेले, आणि ऐकणे ही आपोआप घडणारी गोष्ट नसून माणसाने कष्टाने शिकावयाची विद्या आहे, हा धडा मला याच गावी, एका तालमीच्या रात्री मिळाला.

आमच्या गावच्या उत्सवात त्या वर्षी मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ लावावयाचे ठरले होते. गिरगावात नोकरीला असलेल्या एका चाकरमान्याने नाटकाची नक्कल हाताने उतरवून आणली होती. भानुमतीची भूमिका अर्थातच गावातील एका तरण्या मुलाकडे आली होती, कारण गावच्या बाया-मुली रंगमंचावर येण्याचा काळ आमच्याकडे अद्याप उजाडला नव्हता. त्या मुलाचा गळा गोड आणि फिरता होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात सभामंडपात तालीम चालू असता त्याने एका पदात गंधर्व थाटाची लांब तान घेतली, जमलेल्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच क्षणी पेटीवर बसलेल्या तात्यांनी भात्यावरचा हात काढून घेतला. सूर हवेतल्या हवेत विझला. तात्या शांतपणे म्हणाले, “गाणं भानुमतीचं आहे, तुझं नव्हे. ती आपल्या घरात उभी आहे, बैठकीत नाही.” कोणी काही बोलले नाही. मुलाने पद पुन्हा म्हटले. या वेळी शब्द पुढे आले, सूर त्यांच्या मागून चालू लागला, आणि मंडपाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना विचारले की हे तुम्हाला कोणी शिकवले. त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि पाठीमागचे पुठ्ठे गळून पडलेले एक पुस्तक माझ्या हाती ठेवले. “भोळ्यांचं वाच,” एवढेच ते म्हणाले. केशवराव भोळे हे नाव मला अशा रीतीने प्रथम कळले. त्यानंतरच्या पुष्कळ वर्षांत मी त्यांचे जे जे मिळाले ते वाचले, त्यांनी चाली दिलेले चित्रपट पुनःपुन्हा पाहिले, आणि मराठी संगीताच्या इतिहासात या गृहस्थांचे स्थान इतके निराळे का, याचा विचार करीत राहिलो. वर्तमानपत्री लेखक आणि रंगभूमीचा कारागीर या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या, आणि पहिल्या भूमिकेत जे मागणे त्यांनी इतरांकडे मागितले, ते दुसऱ्या भूमिकेत त्यांना स्वतःच्या हातांनी पुरे करावे लागले.

केशवरावांचा जन्म १८९६ साली अमरावती येथे झाला. घरच्यांच्या अपेक्षेप्रमाणे ते वैद्यकीच्या अभ्यासासाठी मुंबईस आले. परंतु शरीरशास्त्राच्या वर्गापेक्षा नाटकगृहांचे आणि गाण्याच्या बैठकींचे आकर्षण प्रबळ ठरले आणि डॉक्टरकीचा तो मार्ग अर्ध्यावरच सुटला. त्या काळाचे मुंबईचे सांगीतिक वैभव ध्यानात घेतले म्हणजे या ओढीचे नवल वाटत नाही. १९११ साली गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी नटलेले खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले होते; १९१६ साली भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’च्या पदांत ख्यालगायकीचे ऐश्वर्य ओतले होते; बालगंधर्वांच्या मुखातून ती पदे घरोघर गेली होती. मिरजेस अब्दुल करीम खाँ आणि कोल्हापुरास अल्लादिया खाँ यांच्यासारखे उस्ताद वास्तव्य करून होते, आणि रामकृष्णबुवा वझे यांचे गाणे ऐकण्यासाठी माणसे दूरदुरून येत. संस्थानिकांच्या दरबारात कोंडलेली विद्या नाटक कंपन्यांच्या द्वारे मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती.

विद्या आली, पण तिच्याविषयी बोलावयाची भाषा आली नव्हती. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे शास्त्र आणि बंदिशींचा संग्रह यांचे अजस्र काम चालविले होते. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतशिक्षणाला प्रतिष्ठा दिली होती. परंतु रात्री गाणे ऐकून घरी परतणाऱ्या एखाद्या शिक्षकाने किंवा कचेरीतल्या कारकुनाने, आपणांस आज जे विलक्षण वाटले ते नेमके काय होते, असा प्रश्न स्वतःला विचारला, तर त्याच्या हाती एक तर थाट-वादी-संवादीचे शास्त्र होते, नाही तर ‘बुवांनी बहार उडविली’ अशा ठराविक स्तुतीचा वर्तमानपत्री मजकूर होता. या दोहोंच्या मध्ये जे रिकामे मैदान पडले होते, तेथे भोळ्यांची लेखणी उतरली.

१९३०च्या सुमारास ‘वसुंधरा’ या साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने ते संगीतावर लिहू लागले. त्या साप्ताहिकाचे संपादक मो. ग. रांगणेकर होते, म्हणजे पुढे ज्यांचे ‘कुलवधू’ आमच्या सभामंडपात झाले, तेच. संपादक आणि लेखक या दोघांचीही अंतिम दिशा रंगभूमीकडे होती, हे त्या वेळी त्यांच्या वाचकांना माहीत असण्याचे कारण नव्हते. टोपणनाव मात्र बोलके होते. द्रोणाचार्यांनी नाकारलेला एकलव्य अरण्यात मातीची मूर्ती करून तिच्यापुढे धनुर्विद्या शिकला. भोळ्यांनीही बैठकीत समोर बसून, नाटकगृहाच्या खुर्चीत कान देऊन, एकेका गवयाच्या गायनाची मूर्ती आपल्या शब्दांत घडविली आणि त्या मूर्तीपुढे बसून स्वतःचा अभ्यास केला. त्यांचे लेख वाचताना न्यायाधीशाच्या निकालपत्राचा भास होत नाही. शिकणाऱ्याने आपल्या वहीत केलेल्या टिपणांची दक्षता त्यांत जाणवते, आणि म्हणूनच ते लेख आजही शिळे झालेले नाहीत.

संगीतसमीक्षा म्हणजे काय, हे सामान्य वाचकांसाठी थोडे उलगडून सांगितले पाहिजे. दोन गवई एकच राग गातात, स्वर तेच, आरोह-अवरोह तोच, तरी दोघांचे गाणे दोन स्वतंत्र प्रदेशांसारखे वेगळे असते. एकाचा आवाज स्वरावर हलकेच टेकतो, त्याला गोंजारतो, मींडेने पुढच्या स्वराकडे सरकतो आणि एका स्वराच्या आसेत श्रोत्याला दीर्घकाळ बुडवून ठेवतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा गायकीचा हा स्वभाव होता. दुसऱ्याच्या गाण्यात स्वर आणि लय यांची वीण इतकी घट्ट असते की आलापही तालाच्या मात्रांशी बोलत बोलत पुढे जातो, वळणावर वळणे घेतो, आणि समेवर येतो तेव्हा गुंतागुंतीचे कोडे अवचित सुटल्याचा आनंद होतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर गायकीचे हे वैशिष्ट्य. आवाजाचा लगाव कसा आहे, बोल स्पष्ट आहेत की सुरात विरघळतात, तानेला वजन आहे की केवळ वेग आहे, गवई श्रोत्याला बरोबर घेतो की मागे टाकतो, अशा प्रश्नांतून एका कलावंताची ‘गायकी’ वाचकांपुढे उभी करणे, हे संगीतसमीक्षकाचे खरे काम. ते करावयास शास्त्राचे ज्ञान लागते, पण ते पुरत नाही. ऐकलेले लक्षात ठेवणारा कान आणि न ऐकलेल्या वाचकाला ते ऐकविणारी भाषा, या दोहोंचा योग लागतो.

भोळ्यांच्या ठिकाणी तो योग होता. १९३३ साली ‘आजचे प्रसिद्ध गायक व त्यांची गायकी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हयात कलावंतांच्या गाण्याचे इतक्या बारकाईने विवेचन करावयाचे आणि तेही त्या कलावंतांच्या चाहत्यांनी भरलेल्या शहरात राहून, हे धैर्याचे काम होते. गवयांचे घराणे हे त्या काळी जवळजवळ वतनासारखे असे. वतनाच्या हद्दीत बाहेरच्याने पाऊल टाकले तर तक्रारी होणारच. भोळ्यांनी भक्तीही सोडली नाही आणि डोळसपणाही सोडला नाही. गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली आले, वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले. संगीताविषयी मराठीत जे प्रौढ आणि रसाळ लेखन पुढे बहरले, त्याची पायवाट एकलव्याच्या साप्ताहिकी लेखांनी आधीच मळविली होती.

येथपर्यंतची कारकीर्दही एका माणसाचे आयुष्य सार्थ करावयास पुरेशी होती. परंतु १९३३ हे साल मराठी रंगभूमीच्या दृष्टीने मोठ्या संकटाचे होते, आणि त्या संकटाने भोळ्यांना लेखणी खाली ठेवून पेटीपुढे बसविले.

संगीत नाटकाची परंपरा १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून सुरू झाली. त्या नाटकात पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती; पाठोपाठच्या ‘सौभद्रा’तही ती शंभरावर होती. पदे कथेतूनच उमलत, साध्या चालींत असत आणि संवादासारखी वाहत. पुढे पदांची संख्या उतरत गेली, परंतु प्रत्येक पदाचा विस्तार मात्र वाढत गेला. ‘वन्स मोअर’ची आरोळी उठावी, नटाने तेच पद नव्या तानांनी पुन्हा आळवावे, कथानकाने तोवर विंगेत तिष्ठत उभे राहावे, आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत नाटक चालावे, हा क्रम झाला. त्यात अलौकिक आनंद होता, हे निर्विवाद. ज्यांनी बालगंधर्वांचे गाणे ऐकले त्यांचे डोळे म्हातारपणीही त्या आठवणीने भरून येत. परंतु नाटक म्हणून जी एक अखंड वस्तू असते, ती या आनंदाखाली हळूहळू दबत गेली. अशात १९३१ साली ‘आलम आरा’ने भारतीय पडदा बोलका केला, १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला, आणि थोड्या आण्यांत गाणे व गोष्ट दोन्ही देणाऱ्या त्या पडद्यापुढे कर्जबाजारी नाटक कंपन्या एकामागून एक कोसळू लागल्या.

त्या वेळी मुंबईतील काही सुशिक्षित मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर ही त्यांतील नावे. केशवराव भोळे त्यांच्यातलेच एक. नॉर्वेतील ब्यर्न्सन या नाटककाराच्या एका नाटकावरून वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिले. आळतेकरांनी ते बसविले. काणेकरांनी गीते रचली आणि भोळ्यांनी त्यांना चाली दिल्या. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी त्यातील बदल एकेक करून पाहिले पाहिजेत. रंगमंचावर रंगविलेल्या पडद्यांच्या जागी खरीखुरी वाटणारी खोली उभी राहिली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक त्यांत होत्या. पदांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उतरली, आणि जी राहिली ती पात्राच्या मनःस्थितीतून उगवून तिच्यातच विलीन होणारी होती. संवादांच्या मागे, प्रसंगाच्या भावाला आधार देणाऱ्या पार्श्वसंगीताला जाणीवपूर्वक स्थान मिळाले.

संगीतकार म्हणून भोळ्यांच्या पुढे त्या वेळी केवढा कठीण मामला होता, याची कल्पना करावी. तीन तास नाट्यपदांत न्हाऊन निघण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांना चार-दोन लहान गीते द्यावयाची, त्यांत तानांची आतषबाजी नको, रागाचा सुगंध मात्र हवा, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, आणि गीत संपल्यावर टाळ्यांच्या जागी क्षणभर शांतता पसरावी, अशी ही अपेक्षा. गाणे भूमिकेचे असावे, गाणाऱ्याचे नव्हे, हे सूत्र. आमच्या तात्यांनी भात्यावरचा हात काढून जे सांगितले होते, ते मूळचे या प्रयोगशाळेतले होते. मराठी भावगीताची पहाट त्याच सुमारास होत होती. कवितेला तिच्या अर्थाच्या वळणाने चाल द्यावी, ही जी दृष्टी भावगीतात आली तीच भोळ्यांनी रंगभूमीवर आणली.

नाट्यमन्वंतर दीर्घकाळ टिकले नाही. लहान वयात गेलेल्या माणसाच्या बाबतीत जसे होते, तसे त्याच्या थोड्या कामाचे ऋण पुढच्यांनी मोठे मानले. भोळे स्वतः प्रभात फिल्म कंपनीत गेले. प्रभातने १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास बिऱ्हाड हलविले होते, आणि तेथे पुढील दशकभरात त्यांनी ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माझा मुलगा’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’ या चित्रपटांना संगीत दिले. यांतील दोन चित्रपटांजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण एकलव्याच्या कानाने संगीतकाराच्या हातांना काय शिकविले, हे त्यांत उघड दिसते.

‘संत तुकाराम’ हा दामले-फत्तेलाल यांचा चित्रपट १९३६ सालचा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते. एके काळी स्त्रीभूमिका करणारे हे नट पुढे भजनात रमलेले. एवढ्या सामग्रीवर एखाद्या संगीतकाराला शास्त्रीय गायकीचा डोलारा उभारण्याचा मोह सहज झाला असता. भोळ्यांनी वारकऱ्यांच्या मेळ्याकडे कान लावला. टाळ, वीणा, चिपळ्या, मृदंगाची ती चालती लय आणि एकाने म्हणावे, सर्वांनी उचलावे अशी रीत. एवढ्यात त्यांनी चित्रपटाचे संगीत बसविले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर इतके तुकारामी झाले की पुढे अभ्यासू माणसे ते गाथेत शोधू लागली. शब्द कवीचे होते हे खरे; पण ती चाल परकी वाटली असती तर कोणी गाथा उघडली नसती.

दुसरा चित्रपट ‘कुंकू’, १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून काढलेला. फसवणुकीने वृद्धाशी लग्न लावून दिलेली तरुण नीरा आपल्या नवऱ्याच्या घरात पाऊल ठेवते आणि त्या विवाहाला मनाने संमती देण्याचे नाकारते, ही त्याची कथा. या चित्रपटात वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत योजलेले नाही. जो आवाज आहे तो त्या घराचा, रस्त्याचा, माणसांचा आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याच्या सरत्या आयुष्याचे माप मोजते, आणि नीरा गाते तेव्हा घरातल्या ग्रामोफोनच्या सुराची साथ घेऊन गाते. शांता आपटे यांच्या आवाजात क्रोध होता, उपहास होता, एकटेपण होते. त्या आवाजाला जरीकाठी वाद्यमेळाची गरज नव्हती. जेथे संगीत नसावे तेथे ते न ठेवणे, हा निर्णय ज्याला संगीत येत नाही तो घेऊ शकत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांचे गाणे ऐकून कोठे काय जास्त झाले हे टिपून ठेवले आहे, त्यालाच तो साधतो. ‘कुंकू’तील मौन हे मला भोळ्यांच्या समीक्षेचे सर्वांत उत्कट प्रकरण वाटते.

इकडे ‘वसुंधरे’चे संपादक रांगणेकर यांनी पत्रव्यवसायातून रंगभूमीकडे पाऊल टाकले आणि १९४१ साली ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था स्थापिली. नाटक कंपनीचा तंबू मोडल्यानंतरच्या त्या ओसाड दिवसांत त्यांनी सुटसुटीत, तीन अंकी, मोजक्या पदांची, मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात घडणारी नाटके लिहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘चले जाव’च्या घोषणेने देश पेटला असताना, त्यांचे ‘कुलवधू’ रंगभूमीवर आले. चाली मास्तर कृष्णराव यांच्या होत्या आणि चित्रपटात नाव कमावणारी, घर आणि स्वत्व यांच्या ओढाताणीत सापडलेली भानुमती उभी केली होती ज्योत्स्ना भोळे यांनी. एकाच साप्ताहिकाच्या कचेरीतून निघालेले दोन प्रवाह येथे पुन्हा एकत्र मिळाले: संपादकाने नाटक लिहिले, आणि समीक्षकाच्या घरातील गायिकेने ते गायिले. ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये जे बीज रुजले होते, ते ‘कुलवधू’त लोकप्रिय झाले, आणि मुंबईच्या नाट्यगृहांतून निघून चाकरमान्यांच्या ट्रंकांतून, हाताने उतरलेल्या नकलांतून, आमच्या मुचकुंदीच्या काठापर्यंत येऊन पोचले.

ज्योत्स्नाबाईंविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, इतक्या त्या मोठ्या. १९१४ साली गोमंतकातील बांदिवडे येथे जन्मलेल्या दुर्गा केळेकर या मुलीने मुंबईस येऊन गाणे शिकावे, १९३२ साली केशवरावांशी विवाह करावा, पुढच्याच वर्षी विवाहित स्त्री म्हणून रंगमंचावर उभे राहावे, आणि त्या काळच्या समाजाने नाटकातल्या स्त्रीकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आपल्या शालीन, निर्मळ कलेने बदलावयास लावावी, हा प्रवास साधा नव्हे. पुढे त्यांनी ‘आराधना’ नावाचे नाटकही लिहिले. पुण्यात हिराबागेजवळ त्यांच्या नावाचे सभागृह आहे; तेथे नव्या मुली निर्भयपणे गातात आणि नाटके करतात. संगीतावर लिहिणारा पती आणि नाटक लिहिणारी गायिका पत्नी असे हे एकच घर होते, आणि त्या घरात लेखणी आणि सूर यांच्यामध्ये भिंत नव्हती.

प्रभातनंतरच्या वर्षांत केशवराव पुन्हा लेखणीकडे वळले. ‘आवाजाची दुनिया’, ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ ही पुस्तके आली. १९६४ साली ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ आले, आणि पुढे ‘जे आठवते ते’ हे आठवणींचे पुस्तक. यांतील १९६४चे पुस्तक मला विशेष मोलाचे वाटते, कारण त्यात त्यांनी इतरांवर रोखलेला कान स्वतःकडे वळविला आहे. अमुक चाल अशीच का बांधली, अमुक प्रसंगी कोणते वाद्य का घेतले, याचा हिशेब एखाद्या प्रामाणिक कारभाऱ्याने दप्तर उघडून दाखवावा तसा त्यांनी वाचकांपुढे ठेवला. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सर्व कार्यातून मला जे शिकावयास मिळाले, ते एवढेच सांगावेसे वाटते. मत देण्याचा अधिकार ऐकण्याच्या कष्टातून येतो, आणि ज्याने मत दिले त्याच्यावर, प्रसंग येईल तेव्हा, ते स्वतःच्या हातांनी खरे करून दाखविण्याचे दायित्व येते. आज कोणतेही गाणे बोटाच्या एका स्पर्शाने ऐकू येते आणि त्याच्याविषयीचे मतही तितक्याच वेगाने जगभर जाते; अशा काळात आठवडाभर एका गाण्याचा विचार करून मग चार पाने लिहिणारा माणूस फार दूरचा वाटेल. परंतु ऐकण्याचा तो धीर पुन्हा मिळविता येतो, अशी माझी श्रद्धा आहे. शाळाशाळांतून मुलांना गाणे शिकविण्याबरोबर गाणे ऐकावयास शिकवावे, ऐकलेले आपल्या शब्दांत लिहावयास लावावे, एवढे जरी झाले तरी मराठीत पुन्हा एकदा एकलव्य निर्माण होतील.

तात्या जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची पेटी आता देवळात आहे. तिच्या काळ्या पट्ट्यांपैकी दोन निखळल्या आहेत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आतल्या पितळी जिभा गंजू लागल्या आहेत, म्हणून रत्नागिरीहून एक कारागीर वर्षातून एकदा येऊन ती दुरुस्त करून जातो. गेल्या उत्सवात नाटक झाले तेव्हा नायिकेची भूमिका गावातल्याच एका मुलीने केली. शेवटच्या अंकातील पद म्हणताना तिचा गळा तापला होता, समोर सारा गाव होता, तान घेण्याचा मोह तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तिने ती घेतली नाही. पद संपले, आणि कोणी टाळी वाजविण्यापूर्वी क्षणभर मंडपात खालच्या खाडीचे पाणी ऐकू आले.